दहा केंद्रं, तीन देश आणि एक शास्त्रज्ञ: हर्बर्ट यॉर्क यांचं आत्मचरित्र

भूकंपाच्या नोंदी वाचण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे हर्बर्ट यॉर्क यांचं ‘मेकिंग वेपन्स, टॉकिंग पीस’ हातात आल्यावर मी पहिल्यांदा उघडला तो शेवटाकडचा जिनिव्हाचा भाग. तिथे तीन देशांची माणसं महिनोन्‌महिने भूकंपमापन केंद्रांवर वाद घालत बसली आहेत. केंद्रं किती असावीत, कुठे असावीत, यंत्रं कोणत्या देशाची, पेटी उघडायचा अधिकार कोणाचा. अमेरिकेच्या बाजूने बोलणारे राजदूत यॉर्क मुळात भौतिकशास्त्रज्ञ आहेत. विशीत त्यांनी हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचं युरेनियम वेगळं करण्याच्या कामात हात घातला. तिशीत त्यांनी हायड्रोजन बॉम्ब बनवणारी प्रयोगशाळा चालवली. आणि सत्तावन्नाव्या वर्षी ते जिनिव्हात बसून अणुचाचण्या जगभर बंद व्हाव्यात म्हणून सोव्हिएत संघाशी बोलणी करत होते. एवढा पल्ला एकाच माणसाच्या आयुष्यात कसा मावला, हे कळावं म्हणून मग मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

पुस्तक १९८७ साली न्यूयॉर्कच्या बेसिक बुक्सने काढलं. इंग्रजी, साडेतीनशेच्या आसपास पानं. नवी प्रत सहज मिळत नाही. माझी प्रत जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानातून आली. परदेशातल्या कुठल्याशा ग्रंथालयाने काढून टाकलेली, आत शिक्का आणि जुन्या वाचकांच्या परतीच्या तारखा. बांधणी पक्की आहे, टाइप माझ्या वयाच्या डोळ्यांना सोसवेल असा आहे. टपालखर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त पडला, तरी मी ते पुन्हा मागवलं असतं. कारण सांगते.

आमच्याकडे कोयना खोऱ्यातल्या वेधशाळेत रोजचं एक काम असे, आणि बाहेरच्या माणसाला ते माहीत नसतं. ड्रमवर काजळी धरलेला कागद गुंडाळलेला, त्यावर सुईची पांढरी रेघ. चोवीस तासांनी कागद उतरवायचा, चपड्याच्या द्रावणात बुडवून रेघ पक्की करायची, वाळवायचा आणि भिंग घेऊन वाचायला बसायचं. यातला भूकंप कुठला आणि खाणीतला किंवा बोगद्यातला सुरुंग कुठला, हे आधी वेगळं करावं लागे. सुरुंगाचा धक्का बिंदूपासून सगळ्या दिशांना बाहेर ढकलतो, त्यामुळे सगळ्या केंद्रांवर पहिली हालचाल वरच्या दिशेने दिसते. भूकंपात खडक एका प्रतलावर घसरतो, म्हणून एका केंद्रावर पहिली हालचाल वर तर दुसऱ्यावर खाली. सुरुंगात मागून येणाऱ्या एस लाटा आणि पृष्ठभागावरून सरकणाऱ्या लांब लाटा दुबळ्या असतात. खोलीही बघायची. भूकंप पंधरा-वीस किलोमीटर खाली होऊ शकतो, सुरुंग माणूस खणेल तेवढ्याच खोलीवर. आणि घड्याळ. सुरुंग कामाच्या वेळेत उडतात, भूकंप वेळ पाळत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा आमचा मोठा भूकंप पहाटे झाला, सगळं गाव झोपेत असताना. मी तेव्हा शाळेत शिकत होते.

अणुचाचणी बंदीचा करार पाळला जातो की नाही हे तपासायचं शास्त्र याच कामाचं मोठं रूप आहे. कठीण खडकात जमिनीखाली केलेला एक किलोटनाचा (हजार टन टीएनटीइतका) स्फोट साधारण चार रिश्टरच्या आसपासच्या भूकंपासारखा दिसतो, दीडशे किलोटनांचा सहाच्या आसपास. हजारो किलोमीटरवरून तो ओळखता येतो. यॉर्क यांचं पुस्तक मला इतकं जवळचं वाटलं ते या ओळखीमुळे. इतर वाचकांना जिनिव्हाचा भाग कोरडा वाटेल. मला तो पुस्तकाचा गाभा वाटतो, म्हणून मी त्यावर जास्त लिहिणार आहे. त्याआधी त्यांच्या पूर्वायुष्याबद्दल थोडं.

यॉर्क यांचा जन्म १९२१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरचा. तिथल्याच विद्यापीठात शिकून ते १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथून टेनेसीतल्या ओक रिजला, वाय-१२ कारखान्यात. युरेनियम २३५ आणि २३८ यांच्या वजनात एक टक्क्याहून किंचित जास्त फरक. त्या फरकाच्या जोरावर प्रचंड चुंबकांमधून अणूंच्या धारा वळवून त्यांना वेगळं करायचं, असं ते काम. तांबं युद्धाला लागत होतं, म्हणून चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी सरकारी खजिन्यातली चौदा हजार अमेरिकी टनांहून जास्त चांदी वापरली. यंत्रांपुढे स्टुलांवर बसल्या होत्या त्या आसपासच्या गावांतल्या, शाळा नुकतीच संपवलेल्या मुली. तबकडीवरचा काटा ठरलेल्या जागी ठेवायचा, तो हलला की बटण फिरवायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. आपण काय बनवत होतो हे त्यांना ऑगस्ट १९४५ मध्ये कळलं. मी स्वतः सुया आणि काट्यांपुढे बसलेली बाई आहे, त्यामुळे ती पानं वाचताना माझं मन यॉर्कना सोडून त्या मुलींकडे जात राहिलं.

यॉर्कना मात्र आपण काय करतोय हे ठाऊक होतं. ते अवघे तेवीस वर्षांचे होते, भोवताली युद्ध होतं, बरोबरीची मुलं पॅसिफिकमध्ये मरत होती. हे सगळं मी मान्य करते. तरी हिरोशिमाबद्दल ते जे लिहितात त्याने माझं समाधान झालं नाही. त्या काळातल्या तरुण शास्त्रज्ञाच्या खुर्चीतूनच ते बघत राहतात. पुस्तक लिहिताना ते साठी ओलांडलेले, जग पाहिलेले गृहस्थ होते. त्या वयाच्या माणसाने खुर्ची सोडून त्या शहराच्या रस्त्यावर उतरायला हवं होतं असं मला वाटतं. ज्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच ‘हिरोशिमा ते जिनिव्हा’ असा प्रवास सांगितलाय, त्यातलं पहिलं गाव इतक्या लांबून दिसायला नको होतं.

कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या बॉम्ब-प्रयोगशाळेचा भाग वेगळा आहे. तो वाचताना मी रात्री उशिरापर्यंत जागी राहिले. १९४९ ला सोव्हिएत संघाने पहिला अणुबॉम्ब फोडला, भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर हायड्रोजन बॉम्बसाठी दुसऱ्या प्रयोगशाळेचा आग्रह धरून बसले, आणि लॉरेन्स यांनी या कामावर नेमलं ते तीस वर्षांच्या यॉर्कना. सप्टेंबर १९५२ मध्ये एका जुन्या नौदल तळाच्या जागेवर काम सुरू झालं. पुढच्याच वर्षी नेवाडाच्या वाळवंटात त्यांची पहिली चाचणी झाली, ‘रूथ’ नावाची. स्फोट इतका दुबळा झाला की ज्या तीनशे फुटी पोलादी मनोऱ्यावर बॉम्ब ठेवला होता त्याचा खालचा भाग उभाच राहिला. इतर चाचण्यांत अख्ख्या मनोऱ्याची वाफ व्हायची. दुसरी चाचणीही अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी भरली. १९५४ च्या एप्रिलमध्ये पॅसिफिकमध्ये लिव्हरमोरचा पहिला हायड्रोजन बॉम्ब तपासला, तोही फसला.

याच मालिकेत महिनाभर आधी, १ मार्च १९५४ ला, लॉस अलामोसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आधीच्या बॉम्ब-प्रयोगशाळेच्या, ‘ब्राव्हो’ बॉम्बचा स्फोट अंदाजाच्या अडीचपट झाला होता, पंधरा मेगाटन. किरणोत्सारी राख पॅसिफिकमधल्या रोंगेलाप बेटावरच्या लोकांवर पडली, आणि जपानच्या एका मासेमारी बोटीवरच्या तेवीस खलाशांवर. त्यातला एक सप्टेंबरमध्ये वारला. त्यानंतर २ एप्रिलला आपल्या लोकसभेत पंडित नेहरूंनी चाचण्या जिथल्या तिथे थांबवण्याचा करार व्हावा असं सुचवलं. असं सुचवणारे ते जगातले पहिले पंतप्रधान. मी ही तारीख पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहिली आहे. दिल्लीत ते भाषण झालं त्यानंतर पाचव्या दिवशी लिव्हरमोरचा तो बॉम्ब उडाला. म्हणजे नेहरू थांबा म्हणत होते त्याच आठवड्यात यॉर्क यांची माणसं बेटावर तारा जोडत होती. भारतीय वाचकाने हे पुस्तक वाचताना अशा तारखा शेजारी मांडून वाचावं, यॉर्कना ते सुचणं शक्य नव्हतं.

एक गोष्ट मात्र यॉर्क यांच्या बाजूने ठामपणे सांगायला हवी. ते आपल्या त्या वर्षांना काळा रंग फासत नाहीत, आणि सोनेरीही करत नाहीत. कोडं सोडवायची ओढ, तरुण वयात मिळालेला अधिकार, लॉरेन्ससारख्या माणसाने टाकलेला विश्वास, रशियाची भीती, हे सगळं ते सरळ सांगतात. टेलर यांच्याशी पुढे त्यांचे मतभेद टोकाला गेले, तरी लिहिताना सूर चढत नाही. आपण इतके शस्त्रवाले कसे झालो, या प्रश्नाला चांगल्या, हुशार, घरंदाज माणसांच्या रोजच्या दिनक्रमातून उत्तर मिळतं. ते वाचून मला जास्त धसका बसला.

ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाचा पहिला उपग्रह स्पुटनिक गेला आणि यॉर्क वॉशिंग्टनला. १९५८ मध्ये ते संरक्षण खात्याच्या आर्पा या नव्या संशोधन संस्थेचे पहिले मुख्य शास्त्रज्ञ झाले, वर्ष संपायच्या आत त्याच खात्याच्या संशोधन आणि अभियांत्रिकी विभागाचे पहिले संचालक. सगळ्या सेनादलांच्या नव्या शस्त्रांच्या कल्पना त्यांच्या टेबलावर येत. नकोत त्या योजना नाकारणं हेच त्यांचं मोठं काम झालं. त्यांच्या मनाची दिशा बदलायला इथे सुरुवात झाली असं मला वाचताना वाटलं. कुठल्या एका दिवशी साक्षात्कार वगैरे झालेला नाही. फायलींमागून फायली बघताना त्यांच्या लक्षात येत गेलं की प्रत्येक नवं शस्त्र समोरच्याच्या ज्या शस्त्राला उत्तर म्हणून मागितलं जातं, ते पुष्कळदा समोरच्याकडे नसतंच.

या भागातली एक आठवण मी घरी सगळ्यांना वाचून दाखवली. १७ जानेवारी १९६१ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी निरोपाच्या भाषणात लष्कर आणि उद्योग यांच्या युतीबद्दल इशारा दिला, तो सगळ्यांना माहीत असतो. त्याच भाषणात दुसरा इशारा होता: देशाचं धोरण शास्त्रज्ञ-तंत्रज्ञांच्या वरच्या वर्गाच्या मुठीत जाऊ नये. पुढे कधीतरी यॉर्क यांनी त्यांना विचारलं की तुमच्या मनात कोणी विशिष्ट माणसं होती का. आयझेनहॉवर यांनी क्षणाचाही विचार न करता दोन नावं घेतली, रॉकेटवाले व्हर्नर फॉन ब्राउन आणि एडवर्ड टेलर. लष्करात आयुष्य काढलेला सेनापती शास्त्रज्ञांना घाबरतोय, आणि ते एका शास्त्रज्ञालाच सांगतोय. यॉर्क ही आठवण जास्त रंगवत नाहीत, सांगून पुढे जातात.

१९६१ ला ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या नव्या शाखेचे पहिले कुलगुरू झाले. तो भाग मी भराभर वाचला. विद्यापीठाच्या इमारती, नेमणुका, समित्या यांत ज्यांना रस आहे त्यांनी सावकाश वाचावा. या काळातली खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऑक्टोबर १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे विज्ञान सल्लागार राहिलेले जेरोम वीझनर यांच्याबरोबर ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलेला लेख. दोघेही व्हाइट हाउसच्या आत बसून आलेले. दोन्ही महासत्तांचं लष्करी बळ वाढत जातंय आणि सुरक्षितता कमी होत जातेय, आणि या पेचाला तंत्रज्ञानाकडे उत्तर नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. हे बाहेरच्या शांततावाद्याने म्हटलं असतं तर कोणी लक्ष दिलं नसतं. बॉम्ब कसा बनतो हे ज्यांना बोटांनी माहीत आहे अशी माणसं ते म्हणत होती, म्हणून गदारोळ झाला. १९६९ ला क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या विरोधात यॉर्क काँग्रेससमोर बोलले, तेही याच ताकदीवर.

आता जिनिव्हा.

१९६३ च्या मॉस्को कराराने हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात चाचण्या थांबवल्या होत्या. जमिनीखालच्या सुटल्या, आणि कारण सांगितलं गेलं ते तपासणीचं. भूमिगत स्फोट लपवता येतो, मोठ्या पोकळीत केला तर धक्का दबतो, भूकंपाशी घोटाळा होतो, त्यामुळे प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघावं लागेल, अशी ती मांडणी. १९५८ ला तज्ज्ञांची परिषद जिनिव्हातच भरली होती. तिने जगभर जमिनीवर १६० ते १७० नियंत्रण ठाणी आणि १० जहाजं सुचवली होती. पुढे वर्षाला किती ठिकाणी जाऊन बघायचं यावर घासाघीस झाली. अमेरिका सातपर्यंत उतरली, सोव्हिएत संघ दोन-तीनच्या पुढे येईना. तिथे अडलं ते अडलं.

कार्टर अध्यक्ष झाल्यावर १९७७ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ पुन्हा बसले. अमेरिकी शिष्टमंडळाचे आधी पॉल वॉर्न्की प्रमुख होते, मग १९७९ च्या सुरुवातीपासून यॉर्क. समोर सोव्हिएत अणुऊर्जा खात्याचे आंद्रानिक पेट्रोस्यांत्स. इतक्या वर्षांत एक मोठा अडथळा दूर झाला होता. सोव्हिएत बाजूने आपल्या भूमीवर दहा भूकंपकेंद्रं मान्य केली. बंद पेटीतली, बोअरमध्ये खोल ठेवलेली, कोणी हात लावला तर नोंदीतच कळेल अशी. माझ्यासारख्या माणसाला याचं मोल सांगावं लागत नाही. सोव्हिएत संघाच्या पोटात, कठीण खडकात खोल बसवलेली दहा चांगली केंद्रं म्हणजे किती बारीक हालचाल टिपता आली असती! बाहेरून, हजारो किलोमीटर लांबून ऐकायचं आणि आत, काही शे किलोमीटरवर बसून ऐकायचं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग सोव्हिएत बाजू म्हणाली, करार तिघांचा आहे, तिघांना सारखा नियम. अमेरिकेत दहा, आमच्यात दहा, ब्रिटनमध्येही दहा. ब्रिटन एवढासा देश. स्कॉटलंडमध्ये एस्कडेलमूरला त्यांचं उत्तम भूकंपकेंद्र १९६२ पासून आहे, त्या एकावर साऱ्या बेटाचं भागतं. त्यावर उत्तर आलं की ब्रिटनच्या ताब्यातल्या दूर दूरच्या मुलखांत बसवा. लंडनने एकाच केंद्राला होकार दिला. मार्गारेट थॅचर यांचं सरकार १९७९ च्या मे महिन्यात आलं, त्यांनीही एकावर बोट ठेवलं. तिथे महिनेच्या महिने गेले. शास्त्राच्या दृष्टीने ती जादा नऊ केंद्रं बिनकामाची होती, हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न मानाचा होता.

या पानांवर यॉर्क यांचा मला फार आदर वाटला. ते भडकत नाहीत. समोरच्या माणसांना काय सूचना आल्या असतील, त्यांच्या मागे कोण उभं आहे, याचा ते विचार करतात. आणि मग ते आपल्याच राजधानीकडे वळतात, कारण जिनिव्हातल्या टेबलापेक्षा अवघड टेबल वॉशिंग्टनमध्ये होतं. १९७८ च्या उन्हाळ्यात लॉस अलामोसचे संचालक हॅरॉल्ड ॲग्न्यू आणि लिव्हरमोरचे रॉजर बॅट्झेल थेट कार्टर यांना भेटले आणि चाचण्यांशिवाय साठ्यातल्या बॉम्बचा भरवसा देता येणार नाही असं सांगितलं. अमर्याद मुदतीचा करार आधी पाच वर्षांवर आला, मग तीन वर्षांवर. लिव्हरमोर म्हणजे तीच प्रयोगशाळा, जी यॉर्क यांनी उभी केली. तिथे बसणारी माणसं त्यांची ओळखीची, काही त्यांनीच आणलेली. आपण लावलेल्या झाडाची मुळं आपल्याच घराच्या भिंतीत शिरलेली बघावी तसं त्यांना झालं असेल. यॉर्क याचा आक्रोश करत नाहीत, पण त्या दोन-तीन पानांवर वाक्यं आखूड होत जातात.

नोव्हेंबर १९७९ ला तेहरानमध्ये अमेरिकी वकिलातीतली माणसं ओलीस धरली गेली, डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. बोलणी चालू राहिली, पण वरून कोणी लक्ष देईना. नोव्हेंबर १९८० मध्ये रेगन निवडून आले, त्याच महिन्यात शेवटची बैठक झाली. पुढच्या सरकारने ती पुन्हा भरवली नाही. दहा केंद्रांवरची सहमती कागदावर राहिली.

माझी मोठी तक्रार इथेच आहे. पुस्तकाचा मोठा भाग शस्त्रांच्या वर्षांना दिलाय आणि वाटाघाटींना त्यामानाने कमी पानं. जेवणाच्या वेळी काय बोलणं होई, दुभाषे कसे काम करत, पेट्रोस्यांत्स घरगुती गप्पांत कसे होते, एखादा मसुदा शब्दाशब्दाने कसा बदलत गेला, हे मला आणखी हवं होतं. उपग्रह पाडणाऱ्या शस्त्रांवरच्या बोलण्यांतही यॉर्क होते. हेलसिंकी, बर्न, व्हिएन्ना अशी ती फिरली. तो भागही हवा तेवढा खुलत नाही. कदाचित सरकारी गुप्ततेची बंधनं असतील. पण बॉम्ब बनवण्याची गोष्ट सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. बॉम्ब थांबवायला बसलेल्या शास्त्रज्ञाने आतून लिहिलेलं फार थोडं आहे. त्यांनी वजन तिकडे टाकायला हवं होतं.

पुस्तक बाहेर आलं त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १९८६ मध्ये, अमेरिकेतली एक खासगी पर्यावरण संस्था आणि सोव्हिएत विज्ञान अकादमी यांनी मिळून सोव्हिएत संघातल्या सेमिपलातिन्स्क अणुचाचणीक्षेत्राच्या जवळ भूकंपमापक बसवले. करार मे महिन्यात झाला, जुलैत सुया हलायला लागल्या. जिनिव्हात वर्षानुवर्षं ज्याच्यावर घोडं अडलं, ते दोन्हीकडच्या भूकंपशास्त्रज्ञांनी काही आठवड्यांत उभं केलं. आम्ही वेधशाळेत त्या बातमीचं कात्रण फळ्याला लावलं होतं. यॉर्क यांची जिनिव्हाची पानं वाचल्यावर त्या कात्रणाचं मोल मला नव्याने कळलं. तपासणीचं कारण पुढे करत जी गोष्ट तीस वर्षं लांबवली गेली, तिच्यासाठी यंत्रं बऱ्याच आधीपासून पुरेशी होती. अडथळा राजधान्यांमध्ये होता, आणि यॉर्क यांच्यासारखा आतला माणूस तो नावानिशी दाखवतो. माझ्या दृष्टीने या पुस्तकाची सगळ्यात मोठी किंमत ही आहे.

आपल्याकडचे धागे सांगते, कारण यॉर्क ते सांगत नाहीत. कर्नाटकातल्या गौरीबिदनूरला भाभा अणुसंशोधन केंद्राने ब्रिटिश अणुऊर्जा प्राधिकरणाच्या मदतीने १९६५ मध्ये भूकंपमापकांची रांग उभी केली, एस्कडेलमूरच्याच धर्तीवर. दूरचे भूमिगत स्फोट ओळखणं हेच तिचं काम. म्हणजे ज्या विद्येवर जिनिव्हात भांडण चाललं होतं, ती विद्या आपल्या माणसांच्या हातात तेव्हापासून आहे. पुढे १९९६ ला सर्वंकष चाचणीबंदी करार आला तेव्हा त्याच जिनिव्हात आपल्या राजदूत अरुंधती घोष यांनी भारताचा नकार मांडला. अण्वस्त्रधारी देश आपली शस्त्रं संपवण्याची मुदत बांधून घ्यायला तयार नाहीत, हे एक मुख्य कारण होतं. तो नकार बरोबर की चूक यावर आपल्याकडे अजून वाद होतात, दोन वर्षांनी पोखरण झालं तेव्हा ते फारच तापले. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी यॉर्क यांची ती पानं वाचावीत, जिथे ‘कायमची बंदी’ तीन वर्षांवर येते. मोठे देश स्वतःसाठी फट कशी ठेवतात आणि त्यांच्यातलीच काही माणसं ती बुजवायला किती झटतात, हे दोन्ही तिथे एकत्र दिसतं.

यॉर्क जिनिव्हाहून हात हलवत परतले, पण थांबले नाहीत. १९८३ मध्ये त्यांनी सॅन डिएगोला जागतिक संघर्ष आणि सहकार्य यांचा अभ्यास करणारी संस्था सुरू केली. १९९१ मध्ये, म्हणजे या पुस्तकानंतर, त्यांनी लिहिलं की शत्रूला धाक बसवायला लागणाऱ्या बॉम्बची संख्या शंभरापेक्षा एकाच्या जास्त जवळची आहे. हजारो बॉम्बच्या कारखान्याचा पहिला संचालक हे लिहितो, त्याला वजन आहे. २००९ मध्ये ते गेले.

कोणी घ्यावं? भौतिकशास्त्राची पदवी नसली तरी चालेल, समीकरणं नाहीत. विसाव्या शतकाच्या इतिहासाची थोडी ओळख असावी, नाहीतर संस्थांच्या आणि माणसांच्या नावांत गुदमरायला होईल. इंग्रजी साधं आहे, वाक्यं सरळ. बारावी विज्ञानच्या पुढच्या मुलांना जरूर द्यावं, विशेषतः ज्यांना संरक्षण संशोधनात जायचंय त्यांना. आत्मचरित्रात घरातली माणसं, लग्न, मुलं, सुखदुःख शोधणाऱ्यांच्या हाती इथे फार काही लागणार नाही. सगळं सलग वाचायला वेळ नसेल तर लिव्हरमोर, आयझेनहॉवर यांच्या काळातलं वॉशिंग्टन आणि जिनिव्हा, एवढं नक्की वाचा. मी पाचपैकी चार तारे देईन. एक तारा हिरोशिमा लांबून दाखवल्याबद्दल आणि जिनिव्हा आखडतं घेतल्याबद्दल कापला.

हे पुस्तक मराठीत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. येणार असेल तर त्याला टिपा लागतील: नेहरूंचं १९५४ चं भाषण, गौरीबिदनूर, १९९६ चा नकार, एवढं तरी तळटीपांत यावं, म्हणजे आपल्या वाचकाला आपली जागा दिसेल. कोणी भाषांतर करायला घेत असेल तर भूकंपनोंदींचा भाग मी तपासून देईन. माझ्याकडे जुने भूकंपालेख आहेत. स्फोटाची आणि भूकंपाची रेघ शेजारी शेजारी छापली तर जिनिव्हाचा निम्मा वाद वाचकाला चित्रातच कळेल.